भूतबाईचं क्रियापद

"तुमची ही भूतबाई आहे की भूतबुवा?"

फोन स्पीकरवर होता आणि बोलत होत्या मुंबईच्या कंपनीतल्या केतकी मॅडम. बारा वर्षं झाली, तरी तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. हसत हसत अपमान करणं त्यांना फार छान जमायचं.

"काय झालं मॅडम?" चौगुल्यांनी विचारलं. दिनकर चौगुले म्हणजे स्टुडिओचे मालक, रेकॉर्डिंगही तेच करायचे.

"नववा भाग ऐकतेय. शिओरी जाताना म्हणते, 'येतो.' येतो? मुलगी आहे ना ती? मग मागचे आठ काढून ऐकले. सगळीकडे येतो!"

मी आणि चौगुल्यांनी एकमेकांकडं बघितलं. खरं सांगते, त्यात काही चुकलंय हे आम्हा दोघांच्या लक्षातच आलं नव्हतं. कोल्हापुरात आम्ही बायका 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' असंच बोलतो. लिहिताना मी 'येते'च लिहिलं होतं. प्रणितानं नऊ वेळा 'येतो' म्हटलं आणि ते आमच्या कोल्हापुरी कानांतून नऊही वेळा सुखरूप पार झालं.

"हितल्या बायका तशाच बोलतात," मी म्हणाले.

"छबूताई, जपानी भूत कोल्हापूरचं आहे का?"

"मग मुंबईचं तरी कुठं हाय?"

चौगुल्यांनी हातानं मला गप्प केलं. मॅडमचं पुढं चालूच होतं. "नऊच्या नऊ दुरुस्त करा. तेरावा, शेवटचा भाग वीस तारखेला मला हवा, आणि त्यात एकही चूक नको. नाहीतर पुढचं काम तुमच्याकडे येणार नाही. आणि प्रणिताचं काय ठरलं? मला ती इथं हवीय, कायमची. तेराव्या भागाबरोबर तिचं उत्तर पाठवा. त्यानंतर मी जागा ठेवू शकत नाही."

फोन ठेवला. काचेपलीकडं प्रणिता हेडफोन गळ्यात अडकवून बसली होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तिनं खुणेनंच विचारलं, काय म्हणतायत?

स्टुडिओ कसला, शाहूपुरीत टायरच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. चौगुल्यांनी तिथं आयुष्यभर भजनं आणि निवडणुकीची गाणी रेकॉर्ड केली. मग कुणाच्या तरी ओळखीनं ही जपानी मालिका मराठीत करायचं काम आलं. चित्रांची मालिका म्हटलं की लोकांना वाटतं, लहान मुलांचं काहीतरी असणार. हिच्यात पहिल्याच भागात मुलगी बुडून मरते.

संवाद मी लिहायची. मी दहावी नापास. मराठी शिकले छापखान्यात खिळे जुळवता जुळवता आणि इंग्रजी शिकले कव्हर फाटलेल्या एका डिक्शनरीतून. मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळं माझ्यावर कुणाचे उपकार नाहीत. मुंबईहून आधी इंग्रजी कागद यायचा, त्यावरून मी मराठी करायची. मग मागून चित्र आलं की ओठांना बसतंय का ते बघायची.

आणि प्रणिता देवकर. तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं, पण आवाज अख्ख्या गावाला माहीत होता. सकाळी घंटागाडीच्या भोंग्यातून एक बाई सांगायची, 'ओला कचरा, सुका कचरा वेगवेगळा द्या. सहकार्याबद्दल धन्यवाद.' ती बाई म्हणजे प्रणिता. 'सहकार्याबद्दल' असं काही म्हणायची की माणसं घरात शोधून शोधून कचरा आणून द्यायची. केतकी मॅडमनी पहिला भाग ऐकला आणि त्याच दिवशी तिला मुंबईला बोलावलं. असा आवाज पाच-दहा वर्षांत एकदा मिळतो, म्हणाल्या. ही पोरगी मात्र दीड महिना एकच उत्तर देत होती. "बघते."

मला राग यायचा. मला कुणी असं बोलावलं असतं तर मी आंघोळ न करता गेले असते.

मालिकेची गोष्ट सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एक लहानसं बंदर. तिथल्या बोटीची तिकिटं देणारी शिओरी वादळात बुडते. सतरा वर्षांचा तोमा तिच्यावर जीव टाकून असतो. त्याला शहरातल्या मोठ्या शाळेत जागा मिळालेली असते, फक्त सकाळच्या बोटीत चढायचं असतं. पण रोज संध्याकाळी भरती आली की धक्क्यावर ओली पावलं उमटतात आणि शिओरी येऊन त्याच्याशेजारी बसते. थोडं बोलतात, भांडतात, हसतात. मग पाणी उतरायला लागतं आणि ती उठून एक वाक्य म्हणते. इंग्रजी कागदावर ते 'आय ॲम गोइंग' असायचं. मी मराठीत लिहायची, 'येते.' आपल्यात निघताना 'जाते' कोण म्हणतं? आणि ती असं म्हणून गेली की तोमा दुसऱ्या दिवशीही थांबतो. बोट सुटते. आणि प्रत्येक वेळी त्याच्या केसांत थोडं मीठ जमतं. कितीही धुतलं तरी न जाणारं. नवव्या भागापर्यंत त्या पोराचं अर्धं डोकं पांढरं झालं होतं.

"तोमा जातो का ओ शेवटी?" प्रणिता रोज विचारायची.

"कागद यायचाय."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतंय, तू कवा जाणार मुंबईला?"

"बघते."

तर त्या दिवशी दुरुस्तीला बसलो. नऊ ठिकाणी एकच शब्द. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

चौगुले म्हणाले, "हं, बोल."

पडद्यावर शिओरी उठली, वळली, तिचे ओठ हलले. प्रणिता म्हणाली, "येतो."

"तो न्हाई, ते. येते."

"हो, सॉरी. येते, येते, येते. घ्या."

शिओरी उठली, वळली. "येतो."

सात वेळा झालं. दहा वेळा झालं. चौगुले घाम पुसायला लागले. मी एका कागदावर मोठ्या अक्षरात 'येते' लिहून काचेला चिकटवलं. तिनं पडद्याकडं न बघता, त्या कागदाकडं बघून शब्द म्हटला, तेव्हा कुठं सतराव्या वेळी तो नीट आला. नऊही ठिकाणी तसंच करावं लागलं. बोलता बोलता चार वाजले.

चौगुले म्हणाले, "कोल्हापूरचं पाणी लागलं गं तुला."

मलाही आधी तेच वाटलं होतं. पण प्रणिता बाहेर आली, पर्स उचलली आणि मी चहा पुढं केला तर म्हणाली, "नको ताई, मी मघाशीच प्याले." आणि जिन्यावरून, "येते हं, छबूताई."

मी कप तसाच ठेवून जिन्यापर्यंत धावले. "ए, थांब! परत म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

"येते."

"मग माइकवर काय धाड भरती तुला?"

प्रणिता मूळची नगरकडची, लग्न होऊन कोल्हापुरात आलेली. दहा वर्षं इथं राहून तिच्या तोंडात एकदाही 'मी आलो' बसलं नव्हतं. आम्ही तिची त्यावरून चेष्टा करायचो. म्हणजे हे पाणी लागण्याचं काम नव्हतं. एकच शब्द, एकाच ठिकाणी.

ती दोन पायऱ्या खाली उभी होती. म्हणाली, "ती शिओरी म्हणते ना ताई, तेव्हा मला ते तसंच ऐकू येतं."

"तसं म्हंजे?"

"पुरुषानं म्हटल्यासारखं."

आणि गेली.

मी परत आत आले आणि हेडफोन घालून ती जपानी पोरगी नऊ वेळा ऐकली. चिमणीसारखा आवाज. पुरुषाचा मागमूस नाही. चौगुले म्हणाले, "सोड की आता. झालं ना काम?" पण मला ते सोडवेना. त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्यानं विचारलं, लक्ष कुठं आहे? मी म्हटलं, जपानात.

दहावा, अकरावा, बारावा भाग झाला. प्रत्येक वेळी त्या वाक्याला मी काचेला कागद चिकटवायची. तेराव्या भागाचा इंग्रजी कागद अठरा तारखेला आला आणि चित्र एकोणीसच्या सकाळी. कागद मी वाचला. शिओरी शेवटची येते, जाताना तेच वाक्य म्हणते, तोमाच्या केसांतलं मीठ झडतं, सकाळी तो बोटीत चढतो. वाक्य तेच होतं, म्हणून बाराव्या भागातलं माझं 'येते' उचलून इथं लावलं आणि मोकळी झाले. चित्र बघितलंसुद्धा नाही. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

एकोणीसला दुपारी रेकॉर्डिंगला बसलो. तो प्रसंग आला. शिओरी उठली, वळली. प्रणिता काही बोललीच नाही.

"काय झालं?"

"ताई, हे चुकलंय."

मला माझं चुकलंय असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. शिकलेल्यांनी आयुष्यभर तेच ऐकवलंय. "काय चुकलंय? बारा येळा चाललं, आता तेराव्या येळी चुकलं?"

"ती 'येते' म्हणाली तर तो सुटेल कसा?"

"कागदात तेच वाक्य हाय. इंग्रजी कागद मी वाचलाय, तू न्हाईस."

"कागदात असेल. पण ती तेच म्हणत नाहीये. आत या. ऐका."

मी आत गेले. तिनं आपला हेडफोन माझ्या कानांना लावला आणि चौगुल्यांना आधी बारावा भाग लावायला सांगितला. शिओरी म्हणाली, "इत्तेकिमास." मग तेरावा. शिओरी म्हणाली, "इकिमास."

"कळलं?"

"एक 'त्ते' गळालाय. गडबडीत खाल्ला असंल."

"नाही ओ. थांबून, श्वास घेऊन म्हणते ती. बारा वेळा मी ते ऐकलंय. मला झोपेतसुद्धा ऐकू येतं. आज ते वेगळं आहे."

मी तिसऱ्यांदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकलं. खरंच, शिओरी वळून उभी राहायची, श्वास घ्यायची आणि मग तो कमी अक्षरांचा शब्द म्हणायची. राग कुठं गेला कळलं नाही. मला फक्त ते जाणून घ्यायचं होतं.

"चौगुले, जपानी येणारं गावात कोण हाय?"

चौगुल्यांनी डोकं खाजवलं. "उद्यमनगरातले पाटणकर. फौंड्रीची मशिनं शिकायला दोन वर्षं जपानात होते. त्यांच्या मुलाच्या लग्नाची कॅसेट मीच केलेली."

फोन लावला. मागं मशिनांचा खडखडाट. पाटणकर ओरडून बोलत होते.

"इत्तेकिमास? हां, रोज म्हणायचे की! सकाळी घरातनं निघताना. माझी घरमालकीण म्हणायला लावायची मला. म्हणजे, जाऊन येतो."

"जाऊन येतो?"

"हां. आपल्यासारखंच! ते लोक पण नुसतं जातो म्हणत न्हाईत. मागं राहिलेलं माणूस म्हणतं, जाऊन ये."

मी स्पीकरवर अजून वाकले. "आणि पाटणकर, नुसतं इकिमास म्हटलं तर?"

"नुसतं इकिमास म्हणजे जातो. जातो एवढंच."

"घरातनं निघताना म्हणतात का असं?"

"न्हाई बा. मी एकदा चुकून म्हटलो, तर म्हातारी दारापर्यंत पळत आली. मला वाटलं गॅस चालू राहिला." पाटणकर खो खो हसले. "का हो, कुणाला जायचंय?"

फोन ठेवला. इंग्रजीत दोन्हीला गोइंगच. ज्यानं कुणी जपानीचं इंग्रजी केलं त्याला जाणं आणि जाऊन येणं यातला फरक कळला नव्हता. मला तर तो जन्मापासून माहीत होता. तरीही सवयीनं मी मेलेल्या पोरीच्या तोंडी 'येते' घातलं होतं आणि त्या पोराला जन्मभर धक्क्यावर बसवायला निघाले होते.

"म्हणजे आता 'जाते' म्हणायचं?" चौगुले खुर्चीतून उठले. "छे छे. मराठीत कुणी तसं म्हणत न्हाई. अशुभ असतं. माझ्या आईनं उभ्या आयुष्यात तो शब्द उच्चारला न्हाई. माझ्या स्टुडिओत नको."

"चौगुले, ती मेलेली हाय. तिला आणखी काय अशुभ व्हायचं राहिलंय?"

प्रणिता माइकपुढं स्टुलावर बसली होती. हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती.

मी म्हटलं, "प्रणिता, ते 'येतो' कुणाचं हाय?"

तिनं वर बघितलं नाही. "आमच्या ह्यांचं."

तिचा नवरा बाहेरगावी असतो एवढंच आम्हाला माहीत होतं. कुठं, ते कधी विचारलं नव्हतं. विचारलं की ती विषय बदलायची.

"सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "गुरुवार होता. डबा हातात होता. मी आत भाकरी भाजत होते, ते दारात चप्पल घालत होते. मी वळून बघितलंही नाही. 'येतो' म्हणाले. बस, एवढंच. कारखान्यात पोचलेच नाहीत."

"पोलीस?"

"सगळं झालं ताई. पोलीस, दवाखाने, पेपरात फोटो. सासूबाई म्हणतात, माझा मुलगा शब्द मोडत नाही, येतो म्हणालाय म्हणजे येणार. सहा वर्षांत आमच्या दाराला कुलूप लागलेलं नाही. एका लग्नाला आम्ही दोघी मिळून गेलो नाही. एक जण घरी पाहिजे. ते आले आणि दार बंद दिसलं तर?"

चौगुले खाली बसले.

"म्हणून मुंबई न्हाई?" मी विचारलं.

"म्हणून."

"आणि तुला काय वाटतं? सासूबाईंचं सोड. तुला?"

तिनं वायर सोडली. "मला वाटतं, म्हणायचं असतं म्हणून म्हणाले ते. सगळे म्हणतात तसं. आपल्यात निघताना दुसरं काही म्हणताच येत नाही ना. कायमचा निघालेला माणूसही येतोच म्हणतो. आणि मागचं माणूस ते धरून बसतं."

मी काचेला चिकटवलेला 'येते'चा कागद काढला आणि चुरगाळला.

"घ्या चौगुले," प्रणिता म्हणाली.

चौगुल्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर पाणी उतरायला लागलं. शिओरी उठली. तोमा तिच्याकडं बघत होता, त्याचं डोकं आता पूर्ण पांढरं. ती वळली. थांबली. श्वास घेतला. या वेळी प्रणिता पडद्याकडंच बघत होती, नजर न हलवता.

"जाते मी."

ओठांना बरोबर बसलं. तोमाच्या केसांतलं मीठ झडायला लागलं, आणि धक्क्यावर पडताना त्याचा बारीक आवाज येत होता. चौगुल्यांनी मशीन बंद केलं नाही. ते मीठ पूर्ण झडेपर्यंत आम्ही तिघंही बघत राहिलो.

"परत एकदा घ्यायचं?" तिनं विचारलं.

"नको," चौगुले म्हणाले.

ती बाहेर आली. हेडफोन हुकाला अडकवला, पर्स घेतली. चौगुल्यांनी भाग मुंबईला पाठवायला घेतला. मग त्यांना आठवलं. "केतकी मॅडमना उत्तर पण पाठवायचंय. काय कळवू? बघते?"

"कळवा, येते म्हणून."

मी चौगुल्यांकडं बघितलं, चौगुल्यांनी माझ्याकडं.

"आणि सासूबाई?" मी विचारलं.

"नणंद येते म्हणतेय राहायला, तीन महिने मागं लागलीय. मीच नको म्हणत होते." ती दारात वाकून चपलेचा पट्टा लावत होती. "त्यांना त्यांचं दार उघडं ठेवू दे, ताई. त्यांचा मुलगा आहे. मी काही त्यांना सांगणार नाही, तो येणार नाही म्हणून. मला तरी कुठं माहितीये?"

पट्टा लागला. ती उभी राहिली. रोज याच उंबऱ्यावर उभी राहून ती म्हणायची, येते हं छबूताई. आणि मी कागदातून डोकं वर न काढता म्हणायची, ये.

त्या दिवशी ती माझ्याकडं बघत थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"छबूताई, जाते मी."

माझ्या तोंडात सवयीनं 'ये' आला होता. अगदी ओठांपर्यंत. मी तो गिळला.

"जा," मी म्हणाले.